प्रांतिक कायदेमंडळातील डॉ. आंबेडकर

१९५४ च्या मे महिन्यात भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भंडारा जिल्हा त्या वेळी जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता आणि गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी हा सारा मुलूख त्याच जिल्ह्यात मोडत होता. गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली. दोन जागांच्या त्या मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर समाजवादी पुढारी अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा आठ हजारांहून काही अधिक मतांनी पराभव केला. या भागातल्या लोकांच्या स्मरणात बाबासाहेबांचे राजकारण राहिले आहे ते बहुधा या पराभवाच्या रूपाने. पूर्व विदर्भातल्या मतदारांपुढे उभा असलेला हा उमेदवार त्यापूर्वी दहा वर्षांहून अधिक काळ मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात बसलेला एक कसलेला सभासद होता, आणि घटना समितीतील त्यांच्या कामगिरीची पूर्वतयारी तेथे झाली होती, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

डॉ. आंबेडकर मुंबईच्या कायदेकौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून आले. १८ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी शपथ घेतली, तेव्हा त्यांचे वय छत्तीस वर्षांचेही नव्हते. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांना जो मर्यादित कारभार दिला होता, तो द्विदल पद्धतीचा होता. शिक्षण, अबकारी, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे, तर जमीनमहसूल आणि पोलीस गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. खर्चाची खाती मंत्र्यांच्या गळ्यात आणि तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला, असा तो संसार होता. या व्यवस्थेची आर्थिक बाजू जाणणारे सभासद त्या सभागृहात मोजकेच असणार. डॉ. आंबेडकरांनी तर ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावर कोलंबिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला होता आणि तो १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला होता. नियुक्त सभासदाने सरकारच्या बाजूने मान डोलवावी, ही त्या काळची रीत. ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडली.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. त्यांनी हात घातला तो कराच्या भारालाच. वर्षाला दोन हजार रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या व्यापाऱ्याला किंवा पगारदाराला उत्पन्नकर माफ होता. शेतकऱ्याच्या जमीनमहसुलाला असा कोणताही उंबरठा नव्हता. एका एकराचा धनी आणि शंभर एकरांचा धनी यांच्यावर आकारणी त्याच दराने होई. पीक बुडाले तरी ती टळत नसे. कर देण्याची ऐपत हेच करआकारणीचे माप असले पाहिजे, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाठ असणारा सिद्धांत होय. परंतु सरकारी अंदाजपत्रकासमोर तो धरून त्याचा हिशेब मागणे ही वेगळी गोष्ट आहे. उत्पन्नकर मध्यवर्ती सरकारचा आणि महसूल प्रांताचा, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर ठरले असते. पण दोन्ही कर भरणारी माणसे एकाच प्रांतात राहत होती.

त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, १२ मार्चला, शिक्षणावरील खर्चाच्या मागणीवर ते बोलले. मुंबई कायदेमंडळातील त्यांच्या भाषणांपैकी एकच वाचायचे असेल तर हे वाचावे. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हे दोन आकडे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. लोकांकडून दारूच्या करातून जेवढे घेतले जाते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणासाठी परत करा, एवढीच त्यांची मागणी होती. दुसरा मुद्दा अधिक खोल होता. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोहोचत. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडत. पटावरची संख्या म्हणजे शिक्षण नव्हे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. मूल साक्षर होऊन शाळेबाहेर पडत नसेल, तर त्याच्यावर झालेला तोवरचा खर्चही वाया जातो. शिक्षकांना हे नव्याने सांगायला नको. पण अंदाजपत्रकाच्या चर्चेत ते कोणी तरी सांगावे लागते.

या भाषणानंतर आठवड्याभरातच, १९ आणि २० मार्चला, महाडची परिषद भरली आणि चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. या दोन घटना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची आपल्या इतिहासलेखनाला सवय आहे. वस्तुतः महाडचा आधारच कायदेमंडळातला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव याच कौन्सिलने १९२३ साली संमत केला होता आणि महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केले होते. कागदावरचा हक्क पाण्यापर्यंत नेण्याचे काम तेवढे उरले होते. ठरावाची ताकद किती आणि तिची मर्यादा कोठे, हे बाबासाहेबांना कोणत्याही ग्रंथापेक्षा चवदार तळ्याच्या काठी अधिक स्पष्ट कळले असावे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लहान शेतकऱ्यांच्या जमिनींसंबंधीचे सरकारी विधेयक चर्चेला आले. धानाच्या बांध्यांचे वाटणीगणिक होणारे तुकडे ज्यांनी पाहिले आहेत, त्या गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकाला हा विषय परका नाही. जमिनीचे एक प्रमाण ठरवावे, त्याखाली तिचे तुकडे पडू देऊ नयेत आणि विखुरलेले तुकडे एकत्र आणावेत, अशी सरकारची योजना होती. वरवर पाहता ती शहाणपणाची वाटते. डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नावर १९१८ सालीच निबंध लिहिला होता आणि त्यातील युक्तिवाद त्यांनी सभागृहात मांडला. शेत परवडते की नाही, हे त्याच्या क्षेत्रावरून ठरत नाही. त्यावर राबणारी माणसे, बैल, अवजारे आणि भांडवल यांच्याशी त्याचे प्रमाण जुळते की नाही, यावरून ठरते. भांडवलच नसलेल्या कुणब्याला मोठे शेत दिले तर त्याची अडचण वाढेल. आणि वाटणीतून वगळलेले भाऊ जाणार कोठे? भूमिहीन मजुरांच्या रांगेत. खरा रोग जमिनीवर पडलेल्या माणसांच्या भाराचा, त्याचे औषध उद्योगधंद्यांच्या वाढीत, आणि शेती करायचीच तर ती सहकाराने करावी, असे त्यांचे म्हणणे होते. विधेयक पुढे रेटले गेले नाही. तुकडेबंदीचा कायदा मुंबई प्रांतात आला तो १९४७ साली. तो आल्यानंतरही सातबाऱ्यावर काय घडत राहिले, हे कोणत्याही तलाठी कार्यालयात बसलेल्या कारकुनाला ठाऊक आहे.

स्वतःच्या नावाने त्यांनी आणलेले महत्त्वाचे विधेयक महार वतनाचे. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे हे विधेयक त्यांनी मार्च १९२८ मध्ये मांडले. वतन हा शब्द ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात थोडी जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते यांच्या मोबदल्यात रात्रंदिवस सरकारी चाकरी. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरातल्या कोणालाही कामाला जुंपता येई. वतनदाराची इच्छा असेल तर पूर्ण सारा भरून जमीन त्याने स्वतःची करावी व चाकरीतून मोकळे व्हावे, आणि बलुत्याचे रूपांतर रोख पट्टीत होऊन ती महसुलाबरोबर गोळा व्हावी, असा विधेयकाचा रोख होता. महसूल खात्याला हा खर्चाचा बोजा वाटला, गावोगावच्या वरिष्ठांना आपला हक्काचा चाकर जाणार असे वाटले, आणि खुद्द वतनदारांपैकी काहींना जमीन हातची जाईल अशी भीती वाटली. विधेयक निवड समितीकडे गेले आणि १९२९ साली ते त्यांना मागे घ्यावे लागले. सभागृहात पाठीशी पक्ष नसलेल्या विद्वानाची मर्यादा येथे उघडी पडली, हे मान्य केले पाहिजे.

त्याच सुमारास गिरणीतील स्त्री-कामगारांना प्रसूतीच्या काळात भत्ता देण्याचे विधेयक आले. जुलै १९२८ मध्ये त्याला पाठिंबा देताना, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने भार मुख्यतः सरकारने उचलावा, परंतु स्त्रियांना कामावर ठेवून मालक लाभ मिळवतो म्हणून त्यालाही वाटा देणे भाग आहे, अशी त्यांनी मांडणी केली. हा कायदा १९२९ मध्ये झाला. १९३२ च्या ग्रामपंचायत विधेयकावर मात्र ते प्रवाहाविरुद्ध गेले. प्रौढ मताधिकार आणि राखीव जागा नसतील, तर पंचायत म्हणजे गावातल्या बलवंतांच्या हाती आणखी एक काठी, असे त्यांना वाटत होते.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १९३७ साली नवी विधानसभा निवडून आली. त्याआधीच्या वर्षी स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सतरा उमेदवारांपैकी बहुतेक विजयी झाले. आता बाबासाहेबांच्या मागे पक्ष होता. पण बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळापाठी त्याहून कितीतरी मोठा पक्ष होता. मंत्र्यांचे वेतन दरमहा ५०० रुपये ठेवण्याला त्यांनी विरोध केला; साधेपणाच्या त्या लाटेत ही भूमिका कोणाला रुचण्यासारखी नव्हती. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोतीच्या उच्चाटनाचे विधेयक मांडले. खोत म्हणजे काय, हे गोंदियाच्या वाचकाला मालगुजाराच्या उपमेने लगेच समजेल: सरकार आणि कसणारा यांच्या मध्ये बसलेला वसुलीचा धनी. मालगुजाराच्या नावाने या भागात निदान मामा तलाव तरी राहिले. खोतांना भरपाई देऊन कुळांचा सरकारशी थेट संबंध जोडावा, असे हे विधेयक होते. मंत्रिमंडळ हलेना, तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. तरीही विधेयक पडूनच राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले. समेटाचे टप्पे पार केल्याशिवाय केलेला संप गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदीला त्यांनी कडाडून विरोध केला. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कामावर राहायला भाग पाडणे ही गुलामीच होय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. बहुमताने कायदा संमत झाला. ७ नोव्हेंबरला त्याच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप झाला. त्यानंतर तीन दिवसांनी त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला आणि सभागृहाने तो फेटाळला. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सभासद म्हणून दिल्लीला गेले आणि मुंबईचे हे पर्व संपले.

मतविभागणीच्या हिशेबाने पाहिले तर या कारकिर्दीच्या पदरी यशापेक्षा अपयशच अधिक. परंतु कायद्यांच्या तारखा पाहिल्या म्हणजे हिशेब फिरतो. मालगुजारी या भागात १९५१ साली संपली. खोती नष्ट करणारा कायदा मुंबईत १९४९ चा. १९५४ साली भंडाऱ्याच्या प्रचारात बाबासाहेब आले तेव्हा प्रकृती ढासळलेली होती. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. दुसरे मत वाया घालवले तर आपल्या उमेदवाराचा लाभ होईल, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला आणि त्यांनी तो मानला नाही, असे चरित्रकार नोंदवतात. मत वाया घालवायला सांगणे त्यांना शक्यच नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली मुंबई राज्याच्या विधिमंडळाने केला. विदर्भ तोवर द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता, आणि त्या सभागृहात भंडारा जिल्ह्यातून निवडून गेलेले आमदारही बसलेले होते.