देवळालीचा शिक्षक आणि स्वयंभू संख्या

सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. नवव्या शतकातील या ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या येते. एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा एकावर उतरणारी ही माळ म्हणजे १११११११ नव्हे, तर १११११११ हून एक अंक कमी असलेल्या १११११1 चा वर्ग होय.

विसाव्या शतकात अशा संख्यांना 'डेमलो' हे रेल्वे स्थानकाचे नाव देऊन त्यांचा अभ्यास करणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे विद्यापीठातील पंडित नव्हते; देवळालीच्या शाळेतील शिक्षक होते.

१९०५ साली डहाणू येथे एका कारकुनाच्या घरी त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र घडले नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी अध्यापन केले. पदरचे पैसे खर्चून ते गणित परिषदांना जात. त्यांचे संशोधन क्षुल्लक मानून हसणारे विद्वानही तेथे होतेच.

१९४९ साली त्यांनी 'स्वयंभू' संख्यांची कल्पना मांडली. २३ मध्ये तिचेच अंक २ आणि ३ मिळविले की २८ येतात. म्हणजे २८ ची जननी २३. परंतु ९७ ला अशी जननीच नाही, म्हणून ती स्वयंभू. शिवाय ती मूळ संख्याही आहे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील विज्ञान मासिकात कापरेकरांवर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. निवृत्तीनंतर तुटपुंज्या वेतनामुळे शिकवण्या करणारे कापरेकर १९८६ मध्ये निवर्तले.

त्यांची कल्पना मात्र पुढे चालत राहिली. दोनाचा २,४०,३६,५८३ वा घात घेऊन त्यातून एक वजा केला असता येणारी संख्या मूळ आहे, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तिचे अंक ७२,३५,७३३! तिला जननी असलीच, तर ती सुमारे साडेसहा कोटींच्या अंतरातच असावयास हवी, कारण अंकांची बेरीज त्याहून मोठी होऊ शकत नाही. तशी जननी नाही, ही संख्या स्वयंभूच आहे, असे २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखविले.

खेड्यातील शिक्षकाची बेरीज संगणकयुगातील अवाढव्य मूळ संख्येला कसोटी म्हणून लागू पडली. ज्ञानाचे मोल पदवीवरून आणि हुद्द्यावरून ठरविणाऱ्या समाजाने यातून बोध घ्यावयास हवा. वर्गातील एखाद्या मुलाचा भाबडा प्रश्न हसण्यावारी नेण्यापूर्वी देवळालीचे स्मरण ठेवणे, हीच कापरेकरांना खरी आदरांजली ठरेल.