समर्थांचा वारस कोण?

दुकान असो, कारखाना असो वा पेढी, ती उभारणाऱ्याला साठीच्या उंबरठ्यावर एक प्रश्न सतावू लागतो: माझ्यानंतर हे कोण सांभाळणार? थोरला मुलगा, की काम जाणणारा पुतण्या, की तीस वर्षे इमानाने राबलेला मुनीम? हा प्रश्न केवळ व्यापाराचा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी तो एका निःसंग संन्याशापुढेही उभा राहिला होता. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेल्या जांब या गावी त्या संन्याशाचा जन्म झाला. त्यांच्या नावानेच हे गाव आज जांब समर्थ म्हणून ओळखले जाते.

शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ मध्ये रामनवमीच्या दिवशी सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. घरात गावच्या कुलकर्णीपणाचे वतन होते आणि रामाची उपासना होती. नारायण लहान असतानाच वडील निवर्तले. वतन, घर आणि आईची काळजी थोरले बंधू गंगाधरपंत यांच्याकडे आली. ‘श्रेष्ठ’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या बंधूंनी ही जबाबदारी अखेरपर्यंत निभावली. नारायणाने मात्र वयाच्या बाराव्या वर्षी लग्नमंडपातून निघून जाऊन संसाराचा मार्गच सोडला. अशा रीतीने ठोसरांच्या घरातील वारशाचा प्रश्न सहज सुटला. एकाने वतन राखले, दुसऱ्याने त्यावरचा हक्कच मागितला नाही.

नाशिकजवळच्या टाकळी येथे बारा वर्षे तप, त्यानंतर बारा वर्षे देशभ्रमण आणि मग इ.स. १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी आगमन, असा समर्थांचा जीवनक्रम परंपरेने सांगितला जातो. चाफळला त्यांनी राममंदिर उभारले. कऱ्हाड, सातारा, कोल्हापूर या परिसरात अकरा मारुतींची स्थापना केली. वीस दशक आणि दोनशे समासांचा ‘दासबोध’ सिद्ध झाला. मठांचे जाळे पसरत गेले. ज्याने घरचे वतन नाकारले होते, त्याच्याभोवती आता उत्सव, इनामे, धान्य, भांडी, वस्त्रे आणि माणसे असा मोठा प्रपंच उभा राहिला होता. स्वतःचे अपत्य नसलेल्या या संस्थापकाला वारस घडवावेच लागणार होते.

ते त्यांनी फार लवकर सुरू केले. टाकळीहून निघताना तेथील मठ त्यांनी उद्धव या आपल्या पहिल्या शिष्याच्या स्वाधीन केला. कोल्हापूरकडे भेटलेला अंबाजी पुढे कल्याण झाला आणि ‘दासबोधा’चा लेखक म्हणून समर्थांच्या निकट राहिला. एवढा जवळचा शिष्य, पण त्यालाही त्यांनी कायम आपल्या सावलीत ठेवले नाही. परांड्याजवळच्या डोमगावी स्वतंत्र मठ देऊन दूर धाडले. वेणाबाईंकडे मिरजेचा मठ सोपवला. स्त्रीला मठाधिकार देणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. चाफळच्या कारभाराची बाजू दिवाकर गोसावी पाहू लागले. ज्याच्या अंगी जो गुण, त्याला ते काम आणि त्या कामापुरता पूर्ण अधिकार, अशी ही रीत होती. शिष्य चुकत, शिकत आणि गुरू हयात असतानाच स्वतःच्या पायावर उभे राहत.

इ.स. १६७६ मध्ये समर्थ सज्जनगडावर वास्तव्यास आले. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, इ.स. १६८२ मध्ये, गडावरच त्यांनी देह ठेवला. दूरदूरचे मठ आपापल्या मठपतींच्या हाती सुरक्षित होते. तेथे कसलाही खंड पडला नाही. पेच निर्माण झाला तो केंद्रस्थानीच. सज्जनगड आणि चाफळ येथील देवकार्य, द्रव्य आणि व्यवस्था कोणाच्या हाती राहणार, यावरून उद्धव गोसावी आणि दिवाकर गोसावी यांच्यात वाद उभा राहिला. एक सर्वांत जुना शिष्य, जवळजवळ पन्नास वर्षांच्या सेवेचा मान असलेला. दुसरा प्रत्यक्ष कारभाराची नस जाणणारा. ज्येष्ठतेचा मान मोठा की कारभाराची जाण मोठी, हा घरोघरी आणि पेढ्यापेढ्यांवर पडणारा पेच विरक्तांच्या मठातही चुकला नाही.

प्रकरण छत्रपती संभाजी महाराजांपर्यंत गेले. त्याच वर्षी त्यांनी आज्ञापत्रे पाठवून समर्थांनी घालून दिलेल्या व्यवस्थेप्रमाणे दिवाकर गोसावींकडेच कारभार राहावा, असा निर्णय दिला. म्हणजे समर्थांनी आपली इच्छा सांगून ठेवली होती. तरीही ती सर्वांच्या गळी उतरवायला राजसत्तेला मध्ये पडावे लागले. कामाची वाटणी हयातीत झाली होती, म्हणून ती टिकली. मध्यवर्ती अधिकार मात्र अखेरपर्यंत स्वतः समर्थांच्याच ठायी एकवटलेला होता. त्या जागेवर दुसऱ्या कोणाला पाहण्याची सवय शिष्यांना लागलीच नव्हती.

पुढे इ.स. १७०० मध्ये सज्जनगड औरंगजेबाच्या हाती गेला. त्या धामधुमीच्या पर्वात दिवाकर गोसावी आणि अक्कास्वामी यांनी उपासनेची परंपरा तुटू दिली नाही. काळ पालटल्यावर, छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, सज्जनगडाचा अधिकार आला तो श्रेष्ठांच्या वंशातील गंगाधरस्वामींकडे. ज्या घराचा उंबरठा नारायणाने बाराव्या वर्षी ओलांडला होता, त्याच जांबच्या घराकडे अखेर संस्थानची गादी गेली. शिष्यपरंपरेचा वारसा मठामठांतून वाहत राहिला, इनामाचा आणि व्यवस्थेचा वारसा रक्ताच्या नात्याने चालू लागला.

समर्थांच्या चरित्राकडे या बाजूने क्वचितच पाहिले जाते. माणसे हेरणे, घडवणे आणि त्यांना वेळीच मोकळे सोडणे यांत त्यांची बरोबरी करणारे थोडेच. पण माणसे घडवली म्हणजे वारशाचे निम्मेच काम होते. उरलेले निम्मे म्हणजे किल्ल्या कोणाच्या कमरेला, हे धन्याच्या डोळ्यांदेखत ठरणे आणि जुन्याजाणत्यांनीही ते त्याच्यासमोर मान्य करणे. एवढ्या मोठ्या द्रष्ट्याच्या मागेही जेथे वाद टळला नाही, तेथे गल्ल्यावर बसलेल्या सामान्य गृहस्थाने ही गोष्ट उद्यावर ढकलणे परवडणारे नाही.