पदकाची किंमत मोजणारा मल्ल : खाशाबा जाधव

नृसिंहवाडी : कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयनेला पोटात घेऊन निघालेली कृष्णा सांगलीवरून नृसिंहवाडीस येते आणि येथे तिला कोल्हापूरहून आलेली पंचगंगा मिळते. दत्तपादुकांच्या दर्शनासाठी येणारा भाविक या संगमाला हात जोडतो. परंतु कुस्तीच्या शौकिनाला या दोन नद्यांचे नाते आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव कृष्णाकाठच्या मुलुखात जन्मले आणि पंचगंगेकाठच्या कोल्हापुरात मल्ल म्हणून घडले.

कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वर हे त्यांचे गाव. १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः नामांकित मल्ल. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालमीचे वातावरण असल्याने लाल मातीशी त्यांची ओळख बालपणीच झाली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना १९४२ची चळवळ उसळली. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामी या विद्यार्थ्यानेही हातभार लावला.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या राजाश्रयामुळे या शहराची पेठ न् पेठ तालमींनी गजबजलेली होती. १९१२मध्ये खुले झालेले खासबाग मैदान हे तर मल्लांचे पंढरपूरच. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली खाशाबांची कुस्ती येथे आकाराला आली. उंची जेमतेम साडेपाच फूट, देह सडपातळ. पण चपळाई विलक्षण. प्रतिस्पर्ध्याची मान जखडून त्याला क्षणात आस्मान दाखविणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

१९४८मध्ये लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी साह्य केले. लंडनमध्ये मात्र वेगळेच आव्हान उभे राहिले. मातीत चीतपटीची कुस्ती खेळलेल्या या तरुणाला तेथे प्रथमच गादीवर उभे राहावे लागले. गुणांची मोजणी, मर्यादित वेळ, आंतरराष्ट्रीय नियम असे सारेच नवे. अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी त्यांना हे तंत्र शिकविले आणि फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. नवख्यासाठी ही कामगिरी लहान नव्हती. खाशाबांना मात्र उणीव कोठे राहिली ते कळून चुकले होते. पुढील चार वर्षे त्यांनी वजनाचा गट वाढवून कसून सराव केला.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट तर अधिकच बिकट ठरली. राष्ट्रीय निवडीत एका गुणाच्या फरकाने त्यांना डावलले गेले. हा निर्णय अन्यायाचा आहे, असे वाटल्याने त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरलढत झाली, खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले आणि संघातील जागा मिळविली. जागा मिळाली, पण पैसा नव्हता. गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाने आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकावे, याहून मोठा विश्वास तो कोणता?

त्या काळी ऑलिंपिकचे दरवाजे केवळ हौशी खेळाडूंसाठी उघडे होते. खेळासाठी पैसा घेणे निषिद्ध. ज्याच्या घरी सुबत्ता त्याला हे तत्त्व परवडत असे. कष्टकऱ्याला ते जाचक होते. इंग्लंडमध्ये १८९५ साली याच प्रश्नावरून रग्बीचा खेळ दुभंगला होता. सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई कामगार खेळाडूंना मिळावी, असा आग्रह उत्तरेकडील क्लबांनी धरला, तो नाकारला गेला आणि त्यांनी हडर्सफील्ड येथे वेगळी चूल मांडली. त्यातूनच पुढे व्यावसायिक रग्बी लीग जन्मास आली. कोल्हापूरचा मल्लही मैदानातील इनामावर आणि दात्यांच्या खुराकावर जगत आला होता. मात्र देशासाठी परदेशी लढावयास निघालेल्या खाशाबांना ना इनाम होते, ना वेतन. होते ते केवळ कर्ज.

हेलसिंकीत ते बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी एकामागून एक पराभूत केले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली लढत पंधरा मिनिटांहून अधिक काळ रंगली आणि ती अवघ्या एका गुणाने हातची गेली. दमछाक झालेल्या खाशाबांना लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याशी लढण्यास पाचारण करण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. तो दाखवून हरकत घेण्यासाठी भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. ती लढत त्यांनी गमावली. इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२. कोल्हापूरचेच केशव माणगावे त्याच स्पर्धेत फेदरवेट गटात लढले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

मायदेशी परतल्यावर कऱ्हाड परिसराने शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून आपल्या लेकाचे स्वागत केले. सत्काराचे हार उतरताच खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः त्यात लढले आणि मिळालेल्या रकमेतून प्राचार्यांचे गहाण घर सोडविले. त्यांच्या चारित्र्याची उंची पदकापेक्षाही या एका कृतीतून अधिक दिसते.

१९५५मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. मेलबर्न ऑलिंपिकचे स्वप्न त्यांनी उराशी बाळगले होते. परंतु गुडघ्याच्या दुखापतीने ते हिरावून घेतले. सुमारे सत्तावीस वर्षे सेवा करून ते सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. बढतीसाठी दीर्घ प्रतीक्षा करावी लागली, निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये क्रीडाज्योत वाहून नेण्याचा मान त्यांना लाभला. हयातीत मात्र ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म सन्मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्वतंत्र भारताचा हा पहिला वैयक्तिक पदकविजेता निघून गेला.

त्यांच्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये ते मिळविले. कुस्तीला तर २००८मध्ये बीजिंगला सुशीलकुमारच्या यशापर्यंत थांबावे लागले. शासनाला खाशाबांची आठवण उशिरा झाली. २०००चा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला, २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतील कुस्ती सभागृहाला त्यांचे नाव मिळाले आणि २०२४पासून त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होऊ लागला.

हे सन्मान उचितच आहेत. पण खाशाबांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना दुसरी बाजूही विसरता येणार नाही. गावकऱ्यांची वर्गणी आणि एका प्राचार्यांचे घर यांच्या बळावर देशाला पदक मिळाले. राज्य क्रीडा दिनी त्यांच्या प्रतिमेला हार घालताना गुणवान मल्लासाठी कोणालाही घर गहाण टाकावे लागणार नाही, एवढी तजवीज झाली तर ती त्यांना खरी आदरांजली ठरेल.