विश्लेषण : ‘फोकस स्टॅकिंग’ नव्हते, तेव्हा फुलापानांचे क्लोज-अप कसे टिपले? कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी काय केले?

जास्वंदीचे फूल फोनने अगदी जवळून टिपले, की पुढे आलेला केसरांचा दांडा स्पष्ट येतो आणि मागच्या पाकळ्या धूसर होतात. पाकळ्यांवर फोकस केला, की दांडा धूसर होतो. आज यावर ‘फोकस स्टॅकिंग’चा उपाय आहे. मात्र संगणक नव्हता त्या काळात जर्मनीतील एका कलाशिक्षकाने वनस्पतींची हजारो क्लोज-अप छायाचित्रे काढली. ती आजही त्यांतील रेखीव तपशिलासाठी पाहिली जातात. ते शिक्षक म्हणजे कार्ल ब्लॉसफेल्ट. त्यांचे आयुष्य आणि कार्यपद्धती यांविषयी...

अडचण नेमकी कोणती?

लेन्स एका वेळी एकाच अंतरावर अचूक फोकस करते. त्या अंतराच्या थोडे पुढचे आणि थोडे मागचे तेवढे स्पष्ट दिसते. या पट्ट्याला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. वस्तू जितकी जवळ आणि जितकी मोठी टिपावी, तितका हा पट्टा अरुंद होतो. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात फुलाची प्रतिमा फुलाच्या आकाराएवढीच उमटवली, तर एफ/८ ॲपर्चरला तो जेमतेम एक मिलिमीटर उरतो. ॲपर्चर आणखी लहान केले तर पट्टा वाढतो, पण प्रकाश कमी मिळतो आणि एका मर्यादेनंतर सगळेच चित्र मऊ पडते. 

फोकस स्टॅकिंगमध्ये फोकस किंचित पुढे सरकवत अनेक छायाचित्रे घेतात. सॉफ्टवेअर प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलते आणि त्या सर्वांचे एक छायाचित्र तयार करते. ब्लॉसफेल्ट यांच्याकडे ही सोय नव्हती.

ब्लॉसफेल्ट कोण होते?

त्यांचा जन्म १३ जून १८६५ रोजी जर्मनीतील हार्झ पर्वतराजीतल्या शीलो या गावी झाला. किशोरवयातच ते जवळच्या मेग्डेश्प्रुंग येथील कलात्मक लोखंडी ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. पुढे शिष्यवृत्ती मिळाल्याने ते बर्लिनला कला व हस्तव्यवसाय संग्रहालयाच्या शाळेत शिकायला गेले. 

तिथले मोरिट्झ मॉयरर या शिक्षकांनी त्यांच्या आयुष्याला दिशा दिली. कलाकुसरीचे नमुने जुन्या नक्षीवरून उतरवण्याऐवजी थेट वनस्पतींच्या रचनेतून शोधावेत, असे मॉयरर यांचे मत होते. १८९० नंतरची काही वर्षे ब्लॉसफेल्ट त्यांच्याबरोबर इटलीत राहिले आणि भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशांत फिरले. वनस्पती गोळा करणे, त्यांचे साचे आणि नमुने तयार करणे हे तिथले काम होते. याच काळात छायाचित्रणाला सुरुवात झाली.

कॅमेरा हाती का घेतला?

कारण साधे होते. बर्लिनला परतल्यावर ते त्याच शाळेत जिवंत वनस्पतींवरून आकार घडवण्याचा विषय शिकवू लागले. वर्गात आणलेले फूल काही तासांत कोमेजते. शिवाय कळीची रचना किंवा देठाचा कंगोरा मागच्या बाकावरून दिसत नाही. छायाचित्र मात्र कोमेजत नाही आणि कितीही मोठे करून दाखवता येते. म्हणून सुमारे तीन दशके ते विद्यार्थ्यांसाठी ही छायाचित्रे काढत राहिले. त्यांची संख्या सुमारे सहा हजार सांगितली जाते. त्यांना १९२१ मध्ये प्राध्यापकपद मिळाले. तोवर कलाजगतात त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

धूसरपणावर मात कशी केली?

त्यांचा कॅमेरा लाकडी आणि घरी बनवलेला होता. प्रतिमा काचेच्या प्लेटवर उमटे. छापताना काही भाग मूळ आकाराच्या ३० पटींपर्यंत मोठे केले जात. त्या काळच्या प्लेटा प्रकाशाला मंद प्रतिसाद देत. त्यात ॲपर्चर लहान ठेवायचे, तर एक्स्पोजर बराच वेळ द्यावा लागे आणि तेवढा वेळ वनस्पती जराही हलून चालत नसे. म्हणून त्यांनी बागेतल्या वाऱ्याऐवजी खोलीतला, खिडकीतून येणारा मऊ प्रकाश निवडला. 

त्याहून महत्त्वाची होती मांडणी. पुढे-मागे जाणारी पाने ते कापून टाकत. उरलेला भाग पांढऱ्या, करड्या किंवा काळ्या पुठ्ठ्यापुढे समोरून किंवा नेमका वरून टिपत. त्यामुळे टिपायच्या वस्तूची खोलीच कमी होई आणि ती त्या अरुंद पट्ट्यात मावे. नेच्याची गुंडाळलेली कोवळी पाने, भोपळ्याच्या वेलीचे ताणे, इक्विसेटमचे शेंडे हे त्यांचे विषय होते. महागड्या फुलांऐवजी रस्त्याकडेच्या, रेल्वेरुळांलगतच्या रानटी झाडोऱ्यातून ते अशा वस्तू गोळा करत.

प्रसिद्धी कधी मिळाली?

वयाच्या साठीनंतर. बर्लिनमधील कलादालनाचे चालक कार्ल नीरेनडॉर्फ यांनी १९२६ मध्ये त्यांची छायाचित्रे प्रदर्शनात मांडली. १९२८ मध्ये ‘उर्फॉर्मेन डेर कुन्स्ट’, म्हणजे ‘कलेची आदिरूपे’, हे १२० चित्रांचे पुस्तक निघाले आणि शाळेतले शिक्षक एकाएकी नामांकित झाले. विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी पुस्तकावर लिहिले. पुढच्याच वर्षी इंग्रजी आवृत्ती आली, जॉर्ज बाताय यांनी पॅरिसच्या नियतकालिकात ही छायाचित्रे वापरली आणि श्टुटगार्टच्या गाजलेल्या ‘फिल्म उंड फोटो’ प्रदर्शनातही ती झळकली. १९३० मध्ये त्यांची अध्यापनाची कारकीर्द संपली. दुसरे पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. कीर्ती त्यांच्या वाट्याला जेमतेम सहा-सात वर्षे आली.

ही छायाचित्रे कितपत ‘खरी’?

निसर्ग जसा आहे तसा दाखवणारी, अशी त्यांची ख्याती झाली. पुढे त्यांच्या मूळ प्लेटा आणि पुठ्ठ्यांवर चिकटवलेले कामाचे ठसे अभ्यासले गेले, तेव्हा दुसरी बाजू दिसली. पाने छाटलेली होती, देठ नीट बसवलेले होते, काही निगेटिव्हवर हाताने दुरुस्ती केलेली होती. यात फसवणुकीचा हेतू दिसत नाही. ब्लॉसफेल्ट यांना त्या एका रोपापेक्षा त्याची रचना शिकवायची होती आणि रचना स्पष्ट दिसावी म्हणून आड येणारे ते बाजूला करत.

आजच्या स्टॅकिंगशी नाते काय?

स्टॅक केलेले छायाचित्रही लेन्सने एका क्षणी पाहिलेले नसते. त्यातला प्रत्येक कण खरा असतो, पण एकत्र रूप सॉफ्टवेअरने जुळवलेले असते. म्हणूनच अनेक छायाचित्र स्पर्धांमध्ये त्याची माहिती द्यावी लागते. फरक एवढाच, की ब्लॉसफेल्ट यांना पाने कापावी लागली. स्टॅकिंगमध्ये फूल झाडावर अखंड राहू शकते. मात्र वारा आजही आड येतो. दोन छायाचित्रांमध्ये पाकळी हलली, तर जोडलेल्या चित्रात दुहेरी कडा उमटते. 

ब्लॉसफेल्ट यांचा ठेवा आता बर्लिनचे कला विद्यापीठ आणि म्युनिकचे ‘पिनाकोथेक डेर मोडेर्न’ येथे जतन केला आहे. स्थिर फूल, साधी पार्श्वभूमी, मऊ प्रकाश आणि समोरचा कोन हे त्यांचे चार नियम फोनवर फूल टिपणाऱ्यालाही लागू पडतात, आणि त्यासाठी कोणतेही ॲप लागत नाही.