उत्तर देणारा माणूस : र. धों. कर्वे

मी जामसांवलीचा. मंगळवार-शनिवारी हनुमानाच्या दर्शनाला येणारी गर्दी बघत मोठा झालो. सौंसरला जाता-येता भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती दिसायच्या आणि मित्रांच्या मोबाईलवर 'तसले' व्हिडिओ. मनात भीती दाटायची, पण विचारायचं कोणाला? म्हणूनच र. धों. कर्वे वाचले तेव्हा वाटलं, हा माणूस आपल्याला आधीच भेटायला हवा होता.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. जन्म १८८२ चा. १८९९ मध्ये ते मॅट्रिकला पहिले आले. पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात, म्हणजे आपल्यासारख्याच मिशनरी कॉलेजात, ते शिकवायचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. हा प्रचार कॉलेजला मानवला नाही. कर्व्यांनी नोकरी सोडली, प्रचार सोडला नाही. आपल्या कॉलेजच्या अंकात हे लिहिताना मला थोडं अवघड वाटतं, पण खरं आहे ते लिहायलाच हवं.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. वाचक लाजत-घाबरत पत्रं पाठवायचे. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, असले ते प्रश्न. कर्वे विज्ञानाच्या आधारे सरळ उत्तर द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. लैंगिक प्रश्नांवर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, अशी बाजू बाबासाहेबांनी मांडली. तरी खटला हरले, दंड झाला. पैशांची ओढाताण कायमची. पत्नी मालतीबाई मात्र पाठीशी उभ्या राहिल्या. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले, तोपर्यंत मासिक चालूच होतं.

आज मोबाईलवर सगळं दिसतं, पण तो कॅमेऱ्यापुढचा अभिनय असतो. त्यात संमती कशी विचारायची, निरोध का वापरायचा, समोरच्याला काय वाटतं, हे कोणी सांगत नाही. मग मुलं त्या शरीरांशी स्वतःची तुलना करतात, खचतात आणि त्या भिंतीवरच्या नंबरला फोन लावतात.

माझी मंडळाला एक विनंती आहे. वाचनालयात बिननावाच्या चिठ्ठ्यांसाठी एक पेटी ठेवूया आणि उत्तरं द्यायला डॉक्टरांना बोलवूया. पहिली चिठ्ठी मी टाकतो.