भेसळीविरुद्ध लढलेला रसायनतज्ज्ञ

हार्वे वॉशिंग्टन वायली यांचा जन्म १८४४ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. १८७१ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. पण दवाखाना न थाटता ते रसायनशास्त्राकडे वळले. पर्ड्यू विद्यापीठात असताना त्यांनी मधातील ग्लुकोजची भेसळ तपासली आणि १८८३ मध्ये ते अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ झाले.

त्या काळी तिथे दूध नासू नये म्हणून फॉर्मॅलिन आणि लोणी-मांस टिकावे म्हणून टाकणखार सर्रास घातला जाई. वेष्टनावर त्याचा उल्लेखही नसे. एवढ्याशा मात्रेने काय होते, असा उत्पादकांचा दावा होता. तो खोडून काढायलाही पुरावा नव्हता.

तो मिळवण्यासाठी वायली यांनी १९०२ मध्ये १२ धडधाकट तरुण स्वयंसेवक निवडले. त्यांना रोज मोजून-मापून जेवण दिले जाई आणि त्यांच्या मलमूत्राची तपासणी होई. सुरुवातीला टाकणखार लोण्यात लपवला होता. तरुण लोणी टाळू लागले, तेव्हा तो कॅप्सूलमधून दिला गेला. काही काळाने भूक मंदावणे, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी दिसू लागल्या. पुढे फॉर्मॅल्डिहाइड, सॅलिसिलिक आम्ल, सल्फाइट, बेंझोएट यांचीही पाळी आली. वृत्तपत्रांनी या चमूला ‘पॉयझन स्क्वॉड’ असे नाव दिले. निरोगी तरुणांना त्रास होतो, तर बालके, वृद्ध आणि रुग्णांचे काय, हा वायली यांचा मुद्दा लोकांना पटला. ३० जून १९०६ रोजी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली.

त्याच महिन्यात पिण्यास अयोग्य केलेल्या औद्योगिक अल्कोहोलवरील कर उठवणारा कायदाही झाला. मका, बटाटे, बीट यांपासून असे अल्कोहोल कसे बनवावे, याची पुस्तिका वायली यांनीच शेतकऱ्यांसाठी लिहिली. दिवा, शेगडी आणि इंजिन शेतमालावर चालू शकते, हे त्यांनी तेव्हाच मांडले होते. आजच्या इथेनॉलच्या चर्चेची मुळे इतकी जुनी आहेत.

वायली यांचे सगळेच निष्कर्ष टिकले नाहीत. त्यांच्या प्रयोगात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आणि त्यांनी विरोध केलेले बेंझोएट आज ठरावीक मर्यादेत वापरता येते. वरिष्ठांशी खटके उडाल्यावर १९१२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, पण ग्राहकांसाठीचे काम सोडले नाही. कायद्यावर सही झाल्याच्या बरोबर २४ वर्षांनी, ३० जून १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा प्रश्न मात्र संपलेला नाही. भारतात अन्नामध्ये फॉर्मॅलिन घालण्यास मनाई आहे. तरीही २०१८ मध्ये गोव्यात मासळीतील फॉर्मॅलिनच्या संशयाने खळबळ उडाली. कायद्याइतकीच नियमित तपासणीही गरजेची असते, ती यासाठीच.