लाल केसांचे फादर



सायंप्रार्थना आटोपली, दातिवऱ्याच्या खाडीवरून वारा सुटला, की आम्ही अधूनमधून एक सीडी लावतो. तिच्यात रेकॉर्डरवर वाजवलेले कॉन्चेर्टो आहेत. रेकॉर्डर म्हणजे टेपरेकॉर्डर नव्हे, तर शिट्टीसारखे तोंड असलेली, उभी धरून फुंकायची बासरी. कॉन्चेर्टोत एक वाद्य पुढे असते आणि बाकीचा वाद्यवृंद त्याला साथ देतो. हॉलंडचे फ्रान्स ब्रुगेन, डेन्मार्कच्या मिखाला पेत्री अशा कलावंतांनी असे कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले आहेत. त्यांतले आमचे आवडते ज्यांनी लिहिले ते आमच्यासारखेच एक धर्मगुरू होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आंतोनियो विवाल्दी यांचा जन्म ४ मार्च १६७८ रोजी इटलीतील व्हेनिस शहरात झाला. बाळाच्या जिवाला धोका दिसल्याने सुईणीने घरीच बाप्तिस्मा दिला. वडील आधी न्हावी होते, पुढे सेंट मार्क चर्चमध्ये व्हायोलिन वाजवू लागले. १७०३ साली विवाल्दींना गुरुदीक्षा मिळाली. केस तांबडे, म्हणून लोक त्यांना लाल फादर म्हणत.

त्याच वर्षी ते पिएता या अनाथाश्रमात व्हायोलिन शिकवू लागले. टाकून दिलेली मुले तेथे वाढत. त्यांतल्या मुलींना विवाल्दींनी असे तयार केले, की त्यांचा वाद्यवृंद ऐकायला युरोपभरातून लोक येत.

परंतु दीक्षेनंतर थोड्याच वर्षांत त्यांनी मिस्सा अर्पण करणे थांबवले. छाती आवळून येते, तीन वेळा मिस्सा अर्धवट सोडून वेदीवरून उतरावे लागले, असे त्यांनी पुढे एका पत्रात कळवले. सर्वांना हे पटले नाही. ऑपेरासाठी ते गावोगाव फिरत, हेही खरेच. १७३७ साली फेर्रारा येथील कार्डिनलांनी त्यांना शहरात येण्यास मनाई केली. मिस्सा न करणे आणि एका गायिकेशी असलेली मैत्री, ही कारणे होती.

खरेखोटे परमेश्वर जाणे. निवाडा करण्याचा मोह आम्हांलाही होतो. पण सीडीवर त्यांचा सी मेजरमधला कॉन्चेर्टो सुरू झाला, की आम्ही गप्प होतो. फ्लाउतिनो नावाच्या वीतभर बासरीसाठी तो लिहिला आहे. स्वर इतके सलग धावतात, की वाजवणाऱ्याला श्वास घ्यायला फट शोधावी लागते. ज्यांना स्वतःला श्वास पुरत नव्हता, त्यांनी दुसऱ्याच्या श्वासासाठी हे लिहिले!

१७३९ साली इकडे आपली वसई पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे गेली. पुढच्याच वर्षी विवाल्दींनी व्हेनिस सोडले. २८ जुलै १७४१ रोजी व्हिएन्नात ते वारले आणि गरिबाला पुरावे तसे पुरले गेले. पाचशेच्या आसपास कॉन्चेर्टो लिहिलेला हा माणूस जग जवळजवळ विसरून गेले.

१९२६ साली उत्तर इटलीतील एका सालेशियन शाळेने, म्हणजे संत जॉन बॉस्कोंच्या संस्थेच्या शाळेने, जुनी हस्तलिखिते विकायला काढली. त्यांत विवाल्दींच्या रचनांचे १४ खंड निघाले. रोबेर्तो फोआ या ज्यू गृहस्थांनी ते विकत घेऊन आपल्या दिवंगत बाळाच्या, माउरोच्या, स्मरणार्थ तुरीनच्या ग्रंथालयाला दिले. उरलेला भाग १९३० मध्ये फिलिप्पो जोर्दानो यांनी दिला, तोही आपल्या दिवंगत मुलाच्या, रेन्झोच्या, नावाने. फ्लाउतिनोचे कॉन्चेर्टो याच हस्तलिखितांत होते.

ज्यांनी टाकलेल्या लेकरांना सूर दिले, त्यांचे सूर दोन लेकरे गमावलेल्या बापांनी राखले. आपल्या कामाचे मोल आपल्या हयातीत ठरतेच असे नाही. शेजाऱ्याच्या कामाचेही नाही. म्हणून कुणावर शिक्का मारण्याआधी आपण जरा थांबावे.

सीडी ऐकायची असेल तर एखाद्या संध्याकाळी जरूर या. दार उघडेच असते.

आपला ख्रिस्तसेवक,
धर्मगुरू